फुगवटा कुणाच्या शेतात, ते आधी सांगा

वाशिम जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. मालेगाव तालुक्यातून उत्तरेकडे उतरणारं पाणी काटेपूर्णेत जातं, काटेपूर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला, आणि तापी सुरतेच्या खाली खंबातच्या आखाताच्या तोंडाशी अरबी समुद्राला. त्याच दिवशी रिसोडकडे पडलेली सर पैनगंगेला लागते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत पार बंगालच्या उपसागरात पोचते. जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, तरी माझं पोटापाण्याचं काम समुद्राचं आहे. खाडीत, आखातात, दोन बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेत पाणी कसं फिरेल याचं गणित मी संगणकावर मांडते. माहेर रिसोड तालुक्यात, पैनगंगेच्या काठाला. गावाकडे सांगते की मी भरती-ओहोटीचा हिशेब करते. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आपल्याकडं त्याचा काय उपेग, बाई?"

उपयोग आहे. तो आपण करून घेत नाही, आणि त्यापायी माझ्या तालुक्यातली माणसं दर दोन-चार वर्षांनी हातचं पीक घालवतात, म्हणून हे लिहिते आहे.

पाण्याचं हे गणित दोन नियमांवर उभं आहे. एखाद्या जागी जेवढं पाणी आलं आणि त्यातलं जेवढं पुढे गेलं नाही, तेवढ्याने तिथली पातळी चढते, हा पहिला. दुसरा असा की, पाण्याचा वेग बदलतो तो उतारामुळे, मागच्या-पुढच्या पाण्याच्या दाबामुळे आणि तळाच्या घर्षणामुळे. सेंट-व्हेनंट या फ्रेंच अभियंत्याने १८७१ मध्ये हे दोन्ही नियम वाहत्या प्रवाहासाठी समीकरणांत बसवले. खऱ्या नदीच्या वेड्यावाकड्या पात्राला लावली की ही समीकरणं कागदावर सुटत नाहीत. म्हणून पात्राचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येकाची खोली द्यायची आणि काही सेकंदांच्या टप्प्याने एका चौकोनातलं पाणी शेजारच्या चौकोनात सरकवत न्यायचं. टप्पा मनाला येईल तेवढा घेता येत नाही. दहा मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला साधारण दहा मीटर पळते. चौकोन शंभर मीटरचा असेल आणि टप्पा दहा सेकंदांहून मोठा घेतला, तर साध्या पद्धतीचं गणित भडकतं आणि पडद्यावर शांत खाडीत अशक्य उंचीचं पाणी उभं राहतं. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी हा दंडक १९२८ मध्ये, संगणक यायच्या कितीतरी आधी घालून दिला.

खाडीच्या एका टोकाला समुद्र असतो, तिथे भरतीचा आकडा द्यावा लागतो. दुसऱ्या टोकाला डोंगरातून उतरणारी नदी असते, तिथे पुराचा आकडा. पैनगंगेला समुद्र नाही; त्या जागी बॅरेजची दारं आहेत. मधलं गणित तेच राहतं.

हे गणित मोजमापाशिवाय पोकळ आहे, आणि मोजमाप कसं होतं ते सांगायला हवं. अंबा नदीच्या खाडीत, धरमतरच्या वरच्या अंगाला, एका जुन्या धक्क्यावर आम्ही पातळी घेत होतो. खांबाला काळ्या-पांढऱ्या खुणांची पट्टी ठोकलेली. दर अर्ध्या तासाने बॅटरीचा झोत टाकायचा, लाटेने पाणी जिथवर चढतं आणि जिथवर उतरतं ते दोन्ही आकडे बघायचे आणि मधला वहीत लिहायचा. उधाणाची रात्र होती. पाणी वरच्या पायरीला टेकलं आणि उतरायला लागलं. पट्टीवर चार बोटं ओल दिसू लागली. बरोबरच्या तांडेलाने नारळाचं एक सोडण पाण्यात टाकलं. पाणी उतरतंय म्हणजे सोडण समुद्राकडे जाणार, असं कुणालाही वाटेल. ते गेलं नागोठण्याच्या बाजूला, आत, चांगल्या वेगाने. पातळी उतरत होती आणि प्रवाह अजून आत शिरत होता. बऱ्याच वेळाने टाकलेलं दुसरं सोडण धक्क्याजवळच घुटमळलं, आणि त्यानंतरचं बाहेर निघालं. तांडेलाला त्यात काहीच नवल नव्हतं. जाळं केव्हा लावायचं ते तो त्यावरूनच ठरवत असे. संगणकावरच्या खाडीला मात्र हे जमलंच पाहिजे होतं. पातळी जुळली आणि प्रवाह फिरायची वेळ चुकली, तर गाळ कुठे साचेल आणि होडी कुठे रुतेल हे ते मॉडेल सांगू शकत नाही.

गोव्यातलं काम या बाबतीत डोळ्यांपुढे ठेवण्याजोगं आहे. मांडवी आणि झुआरी या दोन नद्या कुंभारजुवे कालव्याने एकमेकींना जोडलेल्या आहेत, म्हणजे भरतीला आत शिरायला दोन तोंडं आणि मधून एक आडवाट. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सतीश शेट्ये, ए. एस. उन्नीकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या जाळ्यात ठिकठिकाणी भरती मोजली आणि मग तिचं गणित मांडलं. निघालं असं की, मुखापासून सुमारे चाळीस किलोमीटर आतपर्यंत भरतीची उंची जवळजवळ तेवढीच राहते आणि त्यापुढच्या दहाएक किलोमीटरांत झपाट्याने विरते. पात्र निमुळतं होत जातं म्हणून भरती चढायला बघते, तळाच्या घर्षणाने ती खचायला बघते, आणि बऱ्याच अंतरापर्यंत दोघांचा तोल बसतो. इतकी स्वच्छ गोष्ट तिथे पिढ्यान्‌पिढ्या होड्या हाकणाऱ्यांना अंगाने ठाऊक असणार, पण ती का घडते हे मोजणी आणि गणित एकत्र आल्यावरच कळलं. अभियांत्रिकीच्या मराठी मुलांना परदेशी नद्यांची उदाहरणं देण्याआधी हे शिकवावं असं मला फार वाटतं.

घर्षणाचा उल्लेख आला, तर जरा तिथे थांबते, कारण आमच्या शेतांचा प्रश्न तिथेच अडलेला आहे. तळ आणि काठ पाण्याला किती अडवतात हे दाखवायला रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याच्या नावाचा एक आकडा वापरतात. व्हेन ते चाव यांच्या १९५९ च्या ग्रंथातल्या तक्त्यात पीक नसलेल्या शेताला तो ०.०३ आहे, वाढलेल्या पिकाला ०.०४ आणि दाट झुडपांना ०.१. उतार आणि खोली तीच ठेवली आणि आकडा ०.०३ वरून ०.०४ वर गेला, तर वेग चौथ्या हिश्श्याने पडतो. आता रिसोडचं शेत डोळ्यांपुढे आणा. जूनमध्ये नुसती वखरलेली काळी माती. सप्टेंबरात कमरेला लागणारं सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. नाल्याच्या दोन्ही दरडांवर बेशरम माजलेली, मधे बाभळी. जूनमधला पूर आणि सप्टेंबरमधला तेवढाच पूर या शेतात सारख्या उंचीला चढूच शकत नाही. हे आमच्या गावच्या कुठल्याही म्हाताऱ्याला माहीत आहे. पूररेषा आखणाऱ्या कागदावर मात्र मला अनेकदा सगळ्या शेतांना मिळून एकच आकडा लावलेला दिसतो.

शिवाय हा आकडा लबाडीलाही सोपा आहे. मॉडेलची पातळी मोजलेल्या पातळीशी जुळत नसली की खरं कारण कुठेही असू शकतं: पात्राचा आडवा छेद जुना आहे, नाल्यातून येणारं पाणी कमी धरलंय, दारं किती वाजता उघडली याची नोंद खोटी आहे. ते शोधायला मेहनत लागते. त्यापेक्षा घर्षणाचा आकडा थोडा इकडे-तिकडे केला की आलेख जुळतो आणि अहवाल सुंदर दिसतो. म्हणून आमच्या धंद्यातला प्रामाणिक रिवाज असा की, एका पंधरवड्याच्या मोजणीवर आकडा ठरवायचा आणि मग त्याला हात न लावता दुसऱ्याच पंधरवड्याची पातळी सांगून दाखवायची. जो अहवाल ही दुसरी पायरी दाखवत नाही, त्यावर विश्वास ठेवू नये.

आता नाल्याकडे येते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी समुद्राला मोठी भरती होती. मिठी नदीचं आणि नाल्यांचं पाणी समुद्रात उतरायला जागा नव्हती, ते घराघरांत शिरलं. त्या दिवसाचा धडा म्हणून पुढे पाऊस, नदी आणि भरती यांचं एकत्र गणित करणारी आयफ्लोज नावाची पूरसूचना यंत्रणा २०२० च्या जूनमध्ये मुंबईसाठी सुरू झाली. माझ्या गावात हेच घडतं, फक्त समुद्राच्या जागी पैनगंगा असते. नदी फुगली की नाल्याचं तोंड बंद होतं आणि पाणी मागे सरकतं. बाबा फोनवर जे सांगतात ते मी शब्दश: लिहून ठेवते: "नदीकडून नाही आलं पानी. नाल्यातून उलटं आलं. मारुतीच्या ओट्याची दुसरी पायरी बुडाली, पन वरची कोरडी हाय." एवढ्या वाक्यात प्रवाहाची दिशा आहे आणि पातळीही आहे. लेव्हल लावून त्या पायरीची उंची काढली की ती पुराची पक्की नोंद होते.

वाशिम जिल्ह्यात पैनगंगेवर अकरा बॅरेज उभे राहिले. कोकलगाव, जुमडा ही नावं आता लोकांच्या तोंडी बसली आहेत. ते व्हायलाच हवे होते, हे मी आधी स्पष्ट लिहिते. पावसाळ्यात दारं वर, पावसाळा सरताना खाली, आणि अडलेल्या पाण्यावर हरभरा, गहू. ज्या जिल्ह्यातून नद्या निघून जातात आणि ज्याच्या विहिरी फेब्रुवारीत तळ गाठतात, तिथे नदीतच पाणी धरून ठेवणारी ही कामं नाकारणं वेडेपणाचं ठरेल. माझी तक्रार पुढची आहे. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला नदीत एक बांधकाम झालं. तेव्हापासून शेजारपाजारचे लोक म्हणतात की पूर पूर्वीसारखाच चढतो, पण हटत नाही. सोयाबीन दोन दिवस पाण्यात उभं राहिलं की मुळं कुजतात, शेंगा भरलेल्या असल्या तर झाडावरच दाण्यांना कोंब फुटतात. बाबा आणि आणखी काही जण संबंधित कार्यालयात विचारायला गेले की, बांधकामामुळे मागे चढणाऱ्या पाण्याचा फुगवटा कुठवर येणार हे कशात लिहिलंय. उत्तर मिळालं, "डिझाइनमध्ये सगळं धरलेलं आहे." डिझाइन कुणी दाखवलं नाही.

खरं कारण काय, हे मीही गावात बसून सांगू शकत नाही. बांधकाम असेल. बेशरमीने गच्च झालेला नाला असेल. पूर्वी चार दिवसांत पडायचा तो पाऊस एका रात्रीत पडतो, हे असेल. तिन्ही असतील आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा असेल. पण नेमकी इथेच संगणकावरची नदी अशी गोष्ट करू शकते जी डोळ्याने कधीच दिसत नाही: तोच पूर बांधकामासह चालवायचा, मग बांधकाम काढून टाकून चालवायचा, मग नाला साफ करून. मारुतीच्या ओट्याशी तिन्ही वेळा पातळी किती आणि पाणी किती तास राहिलं, हे शेजारी शेजारी मांडायचं. पंचनाम्यात तलाठी नुकसान लिहितो, कारण लिहीत नाही, कारण त्याच्याकडे ते लिहायचं साधनच नाही. सांगली-कोल्हापूरकडे अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला आहे, त्याचंही मूळ यातच आहे. गणित करणारे एकीकडे, घरात पाणी शिरलेले दुसरीकडे, आणि मधे कुणी बसून गणित उलगडून दाखवत नाही.

हे उलगडून दाखवणं शक्य आहे, याचा मला माहीत असलेला सगळ्यात भक्कम दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आहे. हॉलंडने झाउडरझे नावाचा उथळ उपसागर बत्तीस किलोमीटर लांबीच्या बांधाने समुद्रापासून तोडायचं ठरवलं. प्रश्न असा होता की, बांध घातल्यावर बाहेरच्या, न तोडलेल्या बाजूला भरती आणि वादळाचं पाणी किती चढेल, कारण तिथेही गावं होती आणि त्यांचे बांध तेवढ्या उंचीचे नव्हते. सरकारने १९१८ मध्ये समिती नेमली आणि अध्यक्ष केलं हेन्ड्रिक लोरेन्ट्झ यांना. ते भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते; बांध-कालव्यांशी त्यांचा आयुष्यात संबंध आलेला नव्हता. त्यांनी त्या उथळ समुद्रातल्या वाटांचं जाळं केलं, तळाचं घर्षण हिशेबात धरता येईल अशी पद्धत बसवली आणि सहकाऱ्यांनी सगळी आकडेमोड हाताने केली. १९२६ मध्ये अहवाल आला: बांधाच्या बाहेर भरती-ओहोटीतलं अंतर वाढणार आणि वादळात पाणी पूर्वीपेक्षा वर चढणार, तेव्हा तिथले जुने बांध उंच करा. लोरेन्ट्झ १९२८ मध्ये वारले. बांध २८ मे १९३२ ला मिटला, आणि बाहेरची भरती त्यांनी सांगितली होती तशी वाढली. मला यात हुशारीपेक्षा क्रम मोठा वाटतो. नुकसान कुणाचं होऊ शकतं ते आधी ओळखलं, आकडा लिहून ठेवला, त्या लोकांच्या बांधांची सोय सांगितली, आणि काम झाल्यावर आकडा पडताळून पाहता आला.

आपल्याकडे विद्या कमी नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे; त्या संस्थेची सुरुवात १९१६ ची. बंदरांच्या, खाड्यांच्या सिमेंटच्या प्रतिकृती तिथे शेडमध्ये पसरलेल्या असतात, साडेबारा तासांची भरती-ओहोटी त्यांत काही मिनिटांत होऊन जाते, आणि जोडीला संगणकावरची मॉडेलं चालतात. कमी पडतं ते हे गणित काठावरच्या माणसापर्यंत नेणं. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. समुद्रात भर घालून होणाऱ्या या बंदराने प्रवाह कुठे वळतील, हे तिथल्या मच्छीमाराच्या पोटाचं गणित आहे. त्याला ते मराठीत, त्याच्या जाळ्यांच्या जागांची नावं घालून, त्याच्या गावच्या चावडीवर कळायला हवं. तोच हक्क रिसोडच्या शेतकऱ्याचा.

पैशाची अडचण कुणी सांगू नये. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी केलेलं हेक-रास हे नदीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात बॅरेजची दारं तास-मिनिटांप्रमाणे उघडता-मिटता येतात. खर्च आहे तो जमीन मोजण्याचा. २००० च्या फेब्रुवारीत अवकाशयानातून घेतलेल्या उंचीच्या नकाशात तीस मीटरच्या चौकोनाला एक उंची मिळते आणि तीही काही मीटरने चुकू शकते. जिथे एका मीटरवर पीक बुडतं की वाचतं ते ठरतं, तिथे तो चालणार नाही. माणसांनी उंची मोजायची पट्टी घेऊन नदीत उतरून आडवे छेद घ्यावे लागतील, दोन्ही काठांच्या शेतांसकट. उन्हाळ्यात पात्र कोरडं असतं. वाशिमच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या स्थापत्यच्या मुलांना प्रकल्प म्हणून याहून चांगला विषय मिळणार नाही. गावोगावच्या पुराच्या खुणा, देवळाची पायरी, शाळेची भिंत, विहिरीचं तोंड, या त्याच मोजणीत बांधून घेता येतील.

अकरापैकी एका बॅरेजपासून या उन्हाळ्यात सुरुवात करा. आडवे छेद घ्या. मागच्या पुरांत दारं केव्हा, किती उघडली ती नोंदवही खुली करा. पावसाळ्याच्या तोंडावर फुगवट्याच्या टापूतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लिहा: एवढा पाऊस झाला आणि दारं अशी उघडली, तर अमुक गटापर्यंत पाणी येईल, एवढं चढेल, एवढे तास राहील. वापरलेला घर्षणाचा आकडाही लिहा, जूनचा वेगळा आणि सप्टेंबरचा वेगळा. पाणी उतरल्यावर ग्रामसभेने मोजलेले आकडे त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात भरायचे. तफावत निघाली, तर मॉडेल दुरुस्त करून पुन्हा लावायचं, आणि फुगवट्याने ज्यांचं शेत बुडतं असं दिसलं त्यांना भरपाई किंवा भूसंपादन, याचा निर्णय त्या तक्त्यावर करायचा. मॉडेल चालवून द्यायचं काम मी मोबदला न घेता करेन. त्यासाठी लागणारे छेद आणि दारांची नोंदवही मात्र कुणीतरी माझ्या हातात दिली पाहिजे.